ड्रायव्हर कायमचा अडकू नये म्हणून: मुदत लावण्याचा आणि मुदत संपल्यावर सावरण्याचा क्रम

कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये वजनकाट्याला जोडायची यूएसबी कार्डं बनतात. गळीत हंगामात साखर कारखान्याच्या काट्यावर उसाचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रात्रंदिवस येत असतात. तीन हंगामांपूर्वी अशाच एका काट्यावर पहाटे क्षणभर व्होल्टेज पडलं. कॉम्प्युटर यूपीएसवर होता म्हणून चालू राहिला, कार्डातला प्रोसेसर मात्र अर्धवट अवस्थेत गेला. यूएसबीवर कार्ड दिसत होतं, पण विचारलेल्याला उत्तर देत नव्हतं. आमच्या ड्रायव्हरनं (कॉम्प्युटर आणि कार्ड यांच्यात बोलणाऱ्या सॉफ्टवेअरनं) वजन मागताना मुदतीच्या जागी शून्य दिलं होतं, आणि लिनक्सच्या 'यूएसबी_कंट्रोल_एमएसजी'मध्ये शून्याचा अर्थ 'लगेच परत ये' असा नाही, 'उत्तर येईपर्यंत थांब' असा आहे. काट्याचा प्रोग्राम त्या एका ओळीवर जाऊन बसला. 'किल'नं ९ नंबरचा, म्हणजे सक्तीनं मारण्याचा, सिग्नल दिला तरी हलेना. गाड्यांची रांग गेटबाहेर गेली.

त्यानंतर आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलामुलीचा कोड मी याच नजरेनं वाचते, आणि चुका जवळजवळ त्याच सापडतात. साध्या फंक्शनच्या जागी टाइमआउटवालं फंक्शन टाकलं की काम झालं, असा समज असतो. पण मुदत संपली त्या क्षणी हार्डवेअर अजून काहीतरी करत असू शकतं. ते थांबवल्याशिवाय तुम्ही मागे फिरलात, तर हँगच्या जागी मेमरी बिघडते, आणि ती चूक शोधणं हँगपेक्षा कितीतरी अवघड असतं.

हा लेख लिनक्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) ड्रायव्हरपुरता आहे. फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत.

## पूर्वतयारी: आधी तपासणीचा कर्नल बांधा

रोजच्या कर्नलवर हे काम करू नका. टेबलावरच्या मशीनसाठी वेगळा कर्नल बांधा आणि त्यात हे पर्याय चालू करा: 'डिटेक्ट_हंग_टास्क', 'सॉफ्टलॉकअप_डिटेक्टर', 'प्रूव्ह_लॉकिंग', 'डीबग_अ‍ॅटॉमिक_स्लीप' आणि 'डीबग_एसएचआयआरक्यू'.

पहिला पर्याय १२० सेकंदांहून जास्त वेळ न हलता झोपलेली प्रोसेस पकडतो. दुसरा पर्याय, सीपीयू साधारण २० सेकंद कर्नलमध्येच फिरत राहिला तर ओरडतो. या दोन आजारांचं औषध वेगळं आहे. पहिल्यात कोड कुणीतरी उठवण्याची वाट पाहत झोपलाय, दुसऱ्यात जागाच राहून गोल गोल फिरतोय. लॉगमध्ये कोणता संदेश आला, यावरून पुढं कोणत्या टप्प्याकडे वळायचं ते ठरतं.

सिरियल कन्सोल जोडाच. मशीन अडकल्यावर नेटवर्कवरून आत शिरता येईल याची खात्री नसते. सिस्टिम रिक्वेस्टची सोय (एका अक्षरानं थेट कर्नलला आज्ञा देण्याची) बऱ्याच डिस्ट्रिब्युशनमध्ये अर्धवट बंद असते, ती पूर्ण चालू करून घ्या.

सावधान: अडकलेल्या प्रोसेसचा इशारा मुळात फक्त १० वेळा छापला जातो, मग कर्नल गप्प बसतो. मशीन आठवडाभर चालवून तपासणार असाल तर 'हंग_टास्क_वॉर्निंग्ज' -१ करा. नाहीतर शांत लॉग बघून सगळं ठीक आहे असं वाटेल.

## टप्पा १: कोड कुठं कुठं थांबतो याची यादी

एक कागद घ्या. ड्रायव्हर उघडा आणि कोड थांबू शकेल अशी प्रत्येक जागा लिहून काढा: 'वेट_फॉर_कम्प्लीशन', 'वेट_इव्हेंट' आणि त्यांची भावंडं, रजिस्टर वाचत फिरणारे सगळे 'व्हाइल' लूप, 'म्युटेक्स_लॉक', 'फ्लश_वर्क', 'कॅन्सल_वर्क_सिंक', 'फ्री_आयआरक्यू', आणि यूएसबीच्या ज्या कॉलमध्ये मुदत शून्य आहे ते सगळे.

प्रत्येक जागेसमोर एकच प्रश्न लिहा: इथून मला कोण उठवणार, आणि तो मेला तर? इंटरप्ट (कार्डाकडून सीपीयूला येणारा इशारा) उठवणार असेल, तर तो येण्यासाठी कार्डाला वीज, क्लॉक आणि शुद्ध हवी. दुसरा थ्रेड उठवणार असेल, तर त्याला लागणारं लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारी कडी) आत्ता तुमच्याच हातात तर नाही ना?

हा टप्पा सगळे टाळतात. साध्या ड्रायव्हरमध्येही अशा जागा मोजायला बसलं की अंदाजापेक्षा जास्त निघतात.

## टप्पा २: मुदतीचा आकडा ठरवणं

आकडा मनानं टाकू नका. डेटाशीटमध्ये त्या कामाला लागणारा कमाल वेळ दिलेला असतो तो घ्या, आणि त्याच्या दुप्पट-तिप्पट मुदत ठेवा. सरासरी वेळ घेतला तर थंडीच्या पहाटे किंवा भर उन्हात पत्र्याच्या शेडमध्ये खोटे टाइमआउट येतात.

मग वरून खाली हिशोब करा. काट्याच्या प्रोग्रामला ३ सेकंदांत उत्तर हवं असेल, तर ड्रायव्हरनं १ सेकंदाची मुदत आणि ३ पुनर्प्रयत्न ठेवून भागत नाही, कारण पहिला प्रयत्न धरून ते ४ सेकंद होतात. वर कार्ड रीसेट करायला लागणारा वेळही त्याच ३ सेकंदांत बसायला हवा.

आता एककाची चूक. 'वेट_फॉर_कम्प्लीशन_टाइमआउट'ला मिलिसेकंद नव्हे, जिफी (कर्नलच्या घड्याळाचे टिक) लागतात. थेट ५०० लिहिलंत तर सेकंदाला १००० टिक असलेल्या कर्नलवर अर्धा सेकंद होतो, २५० टिकच्या कर्नलवर २ सेकंद आणि १०० टिकच्या कर्नलवर ५ सेकंद. ऑफिसातल्या पीसीवर बरोबर चाललेला ड्रायव्हर छोट्या बोर्डावर दसपट वेळ थांबतो, तो यामुळं. 'एमसेक्स_टू_जिफीज' वापरा. यूएसबीच्या कॉलना मात्र मिलिसेकंदच लागतात, तिथं हे रूपांतर करू नका.

## टप्पा ३: झोपण्याआधीचा क्रम

हा क्रम बदलायचा नाही:

1. 'रीइनिट_कम्प्लीशन' करून जुनी खूण पुसा (कम्प्लीशन म्हणजे 'काम झालं' ही खूण).
2. कार्डाच्या स्टेटस रजिस्टरमधला जुना इंटरप्ट साफ करा.
3. इंटरप्ट चालू करा.
4. आता कार्डाला काम सांगा.
5. मुदतीसह थांबा.

आधी काम सांगून मग खूण पुसण्याची चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे. कार्ड चपळ असेल तर मधल्या काही मायक्रोसेकंदांतच इंटरप्ट येऊन जातो, तुम्ही तो पुसून टाकता आणि पूर्ण मुदत झोपून राहता. शंभरातून एखाद्या वेळी होतं, मग दोष कार्डावर जातो आणि मुदत वाढवली जाते.

प्रोबमध्येही (कार्ड सापडल्यावर चालणाऱ्या पहिल्या फंक्शनमध्ये) असाच क्रम सांभाळा: कम्प्लीशन, लॉक, वेट क्यू हे सगळं आधी तयार करा आणि इंटरप्ट त्यानंतर मागा. इंटरप्टची लाइन शेअर्ड असेल तर हँडलर (इंटरप्ट आल्यावर धावणारं फंक्शन) मागितल्या क्षणी धावू शकतो.

उठल्यावर काय परत आलं ते नीट वाचा. 'वेट_फॉर_कम्प्लीशन_टाइमआउट' मुदत संपली तर ० देतं आणि काम झालं तर उरलेल्या जिफी. ते ऋण आकडा कधीच देत नाही. म्हणून 'शून्याहून कमी असेल तर चूक' अशी तपासणी लिहिली, तर प्रत्येक टाइमआउट यशस्वी ठरतो आणि जुनंच वजन नवं म्हणून वर जातं. 'इंटरप्टिबल' जात वापरलीत तर तीन उत्तरं येतात: ऋण म्हणजे सिग्नल आला, शून्य म्हणजे मुदत संपली, धन म्हणजे काम झालं. तिन्हींना वेगळी वाट द्या. 'रीडएल_पोल_टाइमआउट'चं नेमकं उलट आहे: तिथं ० म्हणजे यश. एकाच फाइलमध्ये दोन्ही असतील तर ओळीवर बोट ठेवून वाचा.

## टप्पा ४: रजिस्टर वाचत फिरणारे लूप

हाताने लिहिलेला 'व्हाइल' काढा आणि 'रीडएल_पोल_टाइमआउट' लावा. झोपता येत नसेल तिथं त्याची 'अ‍ॅटॉमिक' जात घ्या आणि मुदत मायक्रोसेकंदांतच ठेवा. ही फंक्शनं मुदत संपल्यावर रजिस्टर एकदा शेवटचं वाचतात. ते गरजेचं आहे, कारण तुमचा थ्रेड मध्येच बाजूला सारला गेला असेल, तर तो परत येईपर्यंत काम झालेलंही असतं आणि मुदतही उलटलेली असते.

स्वतःचा लूप लिहिणं भागच असेल तर हे खड्डे लक्षात ठेवा.

'लाख वेळा फिर' ही मुदत नव्हे. बोर्ड बदलला की तिचा अर्थ बदलतो.

इंटरप्ट बंद करून जिफीकडे बघत फिरू नका. एकच सीपीयू असेल आणि त्यावरचे इंटरप्ट तुम्हीच बंद केले असतील, तर जिफी पुढं सरकतच नाही. म्हणजे मुदत लावलेली दिसते, पण ती कधीच संपत नाही. तिथं 'यूडिले' किती वेळा घेतला ते मोजा.

जिफीची तुलना थेट 'पेक्षा मोठं' या चिन्हानं करू नका, 'टाइम_आफ्टर' वापरा. ३२ बिटी मशीनवर हा आकडा फिरून शून्यावर येतो. ही चूक लवकर दिसावी म्हणून कर्नल मुद्दाम असा सुरू होतो की मशीन चालू झाल्यावर ५ मिनिटांनी पहिला फेरा पूर्ण होतो. म्हणून बोर्ड चालू करून २ मिनिटांत तपासणी उरकू नका.

पीसीआय कार्ड बसवरून नाहीसं झालं तर वाचलेल्या प्रत्येक रजिस्टरचे सगळे बिट १ येतात. 'बिझी' बिट ० होण्याची वाट पाहत असाल तर तो कधीच होणार नाही. 'रेडी' बिट १ होण्याची वाट पाहत असाल तर त्याहून वाईट: नसलेलं कार्ड लगेच तयार आहे म्हणून सांगेल! सगळे बिट १ आले आणि त्या रजिस्टरला ती किंमत शक्यच नसेल, तर सरळ 'ईएनओडीईव्ही' ('असं कार्ड नाही' ही चूक) परत द्या.

सावधान: काही चिपवर बंद क्लॉकच्या ब्लॉकचं रजिस्टर वाचलं तर बसच अडकते. सीपीयू त्या एका वाचनावर थिजतो, पुढची ओळ चालतच नाही, म्हणून कोणतीही मुदत उपयोगी पडत नाही. वाचण्याआधी 'पीएम_रनटाइम_रिझ्यूम_अँड_गेट' करा आणि त्याचं उत्तर तपासा. ते अपयशी ठरलं तर रजिस्टरला हात लावू नका.

## टप्पा ५: मुदत संपली, आता काय

लेखातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच.

समजा १ सेकंद संपला आणि तुम्ही 'ईटाइम्डआउट' परत देऊन मोकळे झालात. कम्प्लीशन त्या फंक्शनच्या स्टॅकवर होतं. फंक्शन संपलं, ती जागा दुसऱ्याच कामाला गेली. आणि १.२ सेकंदांनी कार्डाचा इंटरप्ट आला. हँडलर त्या जुन्या पत्त्यावर 'कम्प्लीट' करतो. तिथं आता काय आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. बफरमध्ये डीएमए (कार्डानं सीपीयूला वगळून थेट मेमरीत लिहिणं) चालू असेल आणि तो बफर तुम्ही मोकळा केला असेल, तर कार्ड दुसऱ्याच्या मेमरीत लिहून जातं. मशीन अर्ध्या तासानं भलत्याच ठिकाणी पडतं आणि लॉगमध्ये तुमच्या ड्रायव्हरचं नावही नसतं.

स्टॅकवर काही नसेल तरी उशिरा आलेला इंटरप्ट पुढच्या विनंतीला उठवतो. मग प्रत्येक उत्तर एका पावलानं मागचं येत राहतं. काट्यावर याचा अर्थ असा की मागच्या गाडीचं वजन पुढच्या शेतकऱ्याच्या पावतीवर छापलं जातं. काटा अडकलेला परवडला, हे नाही परवडत.

म्हणून मुदत संपल्यावर हा क्रम पाळा:

1. कार्डाचा इंटरप्ट कार्डाच्याच रजिस्टरमधून बंद करा, आणि तेच रजिस्टर परत वाचा, म्हणजे लिहिलेलं खरोखर पोचलं हे कळतं.
2. 'सिंक्रोनाइझ_आयआरक्यू' करा. दुसऱ्या सीपीयूवर हँडलर चालू असेल तर तो संपेपर्यंत हे थांबतं. हँडलरला लागणारं लॉक हातात धरून हे करू नका.
3. आता पुन्हा पाहा: मधल्या वेळात काम झालं का? झालं असेल तर ते यश म्हणून घ्या.
4. झालं नसेल तर कार्डाला थांबण्याचा आदेश द्या. डीएमए इंजिन वापरत असाल तर 'डीएमएइंजिन_टर्मिनेट_सिंक'. थांबल्याची खूण दिसेपर्यंत थांबा, पण या थांबण्यालाही मुदत हवी.
5. खूण दिसली तरच बफर सोडा.
6. खूण दिसली नाही तर कार्ड रीसेट करा. रीसेटही लागू पडला नाही तर बफर मुद्दाम सोडू नका, तसाच राहू द्या.

सहाव्या पायरीला नवी मुलं हमखास हरकत घेतात, कारण मेमरी गळू द्यायची नाही हे त्यांना शिकवलेलं असतं. इथं माझं मत पक्कं आहे: बेभान कार्डाच्या तावडीतला बफर वाया गेलेला चालेल, तो दुसऱ्या कुणाला दिलेला चालणार नाही.

यूएसबीत यातलं बरंच आयतं मिळतं. 'यूएसबी_कंट्रोल_एमएसजी' मुदत संपली की पाठवलेली विनंती स्वतःच मागे घेतं. तुम्ही स्वतः यूआरबी (यूएसबीवरच्या एका विनंतीची नोंद) पाठवत असाल तर 'यूएसबी_किल_यूआरबी' तुम्हाला करावं लागतं. लागोपाठ अपयश आलं तर 'यूएसबी_क्यू_रीसेट_डिव्हाइस' देऊन कार्ड पुन्हा उठवता येतं. आमच्या काट्याच्या कार्डाला आता १ सेकंदाची मुदत, एक पुनर्प्रयत्न आणि मग रीसेट असा क्रम आहे.

तपासा: लागोपाठ तीन वेळा मुदत संपली तर ड्रायव्हर काय करतो? दर वेळी पूर्ण मुदत थांबत असेल तर ते चूक आहे. एका म्युटेक्समागे दहा प्रोसेस उभ्या असतील आणि प्रत्येकीला ५ सेकंद लागत असतील, तर शेवटचीला ५० सेकंद लागतात, आणि माणसाच्या दृष्टीनं तो हँगच असतो. 'कार्ड आजारी' अशी खूण ठेवा, आणि ती उठेपर्यंत नव्या विनंतीला झोपू न देता लगेच 'ईआयओ' ('देवाणघेवाण फसली' ही चूक) द्या.

## टप्पा ६: लॉक

'प्रूव्ह_लॉकिंग' चालू असलं तर या टप्प्यातल्या बहुतेक चुका कर्नलच दाखवतो, म्हणून थोडक्यात.

इंटरप्ट हँडलरही घेतो ते स्पिनलॉक (मिळेपर्यंत न झोपता फिरत ठेवणारं लॉक) बाहेर 'स्पिन_लॉक_आयआरक्यूसेव्ह'नंच घ्या. साध्या जातीनं घेतलंत आणि त्याच सीपीयूवर इंटरप्ट आला, तर हँडलर त्या लॉकसाठी फिरत राहतो आणि लॉक सोडणारा कोड त्याच्याखाली दबलेला असतो.

वर्कला (नंतर करायला कर्नलकडे सोपवलेल्या कामाला) लागणारं म्युटेक्स (झोपून वाट पाहायला लावणारं लॉक) हातात धरून 'कॅन्सल_वर्क_सिंक' करू नका. तो लॉकसाठी थांबतो, तुम्ही त्याच्यासाठी थांबता. टायमर आणि थ्रेडेड हँडलरलाही हाच नियम.

वापरकर्त्याच्या विनंतीवरून म्युटेक्स घेताना 'म्युटेक्स_लॉक_किलेबल' किंवा 'इंटरप्टिबल' घ्या. निदान अडकलेला प्रोग्राम मारता तरी येतो.

## टप्पा ७: ड्रायव्हर काढताना

केबल ओढली जाते, मॉड्यूल काढलं जातं, मशीन बंद होतं. यातले बरेच हँग मशीन बंद करतानाच दिसतात आणि कुणी लॉग बघत नाही.

1. लॉकखाली 'कार्ड गेलं' ही खूण लावा. यापुढच्या प्रत्येक विनंतीला 'ईएनओडीईव्ही'.
2. झोपलेल्या सगळ्यांना उठवा. त्यासाठी प्रत्येक 'वेट_इव्हेंट'च्या अटीतच 'डेटा आला किंवा कार्ड गेलं' असं लिहिलेलं हवं. नुसतं उठवून उपयोग नाही, अट खोटी असली की ते परत झोपतात.
3. कार्डाचा इंटरप्ट बंद करा, मग हँडलर सोडा.
4. टायमर आणि वर्क रद्द करा. वर्क टायमर लावत असेल आणि टायमर वर्क पाठवत असेल, तर एक रद्द करेपर्यंत दुसरा त्याला जिवंत करतो. पहिल्या पायरीतली खूण दोघांनीही पाहायला हवी. कर्नल ६.२ पासून 'टायमर_शटडाउन_सिंक' आहे, त्यानंतर तो टायमर पुन्हा लागतच नाही.
5. डीएमए थांबवा, मेमरी सोडा.

सावधान: 'डेव्हएम_रिक्वेस्ट_आयआरक्यू'नं मागितलेला इंटरप्ट तुमचं रिमूव्ह फंक्शन संपल्यानंतर सोडला जातो. रिमूव्हमध्ये हातानं मोकळ्या केलेल्या मेमरीवर हँडलर त्यानंतरही धावू शकतो. 'डीबग_एसएचआयआरक्यू' शेअर्ड इंटरप्ट सोडताना मुद्दाम एक खोटा इंटरप्ट पाठवतं, ते यासाठीच.

## टप्पा ८: मुद्दाम बिघडवून पाहा

चांगल्या कार्डावर चाललेला ड्रायव्हर तपासलेला नसतो. डीबगएफएसमध्ये (तपासणीसाठीच्या कर्नलच्या खास फोल्डरमध्ये) एक फाइल ठेवा: तिच्यात लिहू तेवढे पुढचे इंटरप्ट हँडलरनं गिळून टाकायचे. एवढ्यानं टप्पा ५ मधला सगळा कोड टेबलावर चालवून पाहता येतो. मग इंटरप्ट गिळण्याऐवजी मुदत संपल्यानंतर १०० मिलिसेकंदांनी येईल असा उशीर करा. खरे घोटाळे यात निघतात.

वाचन चालू असताना सिसएफएसच्या (कर्नलच्या उपकरणांच्या फोल्डरच्या) 'अनबाइंड'मधून ड्रायव्हर सोडवा आणि परत बांधा, लागोपाठ. केबल हातानं ओढा.

अडकलंच, तर आधी रीस्टार्ट करू नका. 'पीएस'मध्ये 'डी' स्थितीतली (सिग्नलनंही न उठणाऱ्या झोपेतली) प्रोसेस शोधा आणि 'प्रॉक'मध्ये तिच्या नंबराखालची 'स्टॅक' फाइल वाचा. टर्मिनलही मिळत नसेल तर सिरियल कन्सोलवरून सिस्टिम रिक्वेस्टचं 'डब्ल्यू' द्या, झोपून अडकलेल्या सगळ्यांचे स्टॅक छापले जातात. 'डी' दिल्यावर कुणाच्या हातात कोणतं लॉक आहे ते दिसतं, 'एल' दिल्यावर प्रत्येक सीपीयू कुठं आहे ते. स्टॅकमध्ये तुमच्या ड्रायव्हरचं सगळ्यात वरचं फंक्शन पाहा आणि टप्पा १ च्या कागदावर ती जागा शोधा. कागदावर ती नसेल तर आधी कागद दुरुस्त करा, मग कोड.

हंगामाआधी आमची शेवटची तपासणी अशी असते. कार्डाची वीज एका रिलेमधून देतो आणि रिले २० मिलिसेकंदांपासून २ सेकंदांपर्यंत बदलत्या वेळेसाठी तोडतो, रात्रभर, वजन वाचणं चालू ठेवून. सकाळी तीन गोष्टी पाहतो. प्रत्येक वेळी प्रोग्रामला ३ सेकंदांच्या आत वजन किंवा स्पष्ट चूक मिळालेली असली पाहिजे. कर्नल लॉगमध्ये अडकल्याची एकही ओळ नको. आणि पाट्यावर ठेवलेल्या ओळखीच्या वजनाऐवजी दुसराच आकडा एकदाही छापलेला नको. तिसरी अट एकदा जरी मोडली, तरी ते कार्ड काट्यावर जात नाही, आम्ही टप्पा ५ पुन्हा उघडतो.